लहानशा दिव्याचे काम

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात एके काळी डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक तयार होत. त्यांतला एखादा कोणी हौसेने जपून ठेवलेला असतो. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले, की मालक त्यात आजचे इंजिन बसवून घेतो. इंजिन जागेवर बसले, की गाडी वायरमनच्या हाती येते आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते.

जुन्या इंजिनावर डायनॅमो असे. इंजिन मंद चालू असताना तो जवळजवळ वीजच देत नसे. म्हणून रात्री चौकात थांबलेल्या गाडीचे दिवे मलूल होत. बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत शिरू नये यासाठी एक वेगळी पेटी असे. गॅरेजच्या बोलीत ती ‘कटआऊट’. नव्या इंजिनावरील अल्टरनेटरमध्ये हे काम डायोड करतात आणि व्होल्टेजचे नियंत्रणही त्याच्या पोटातच होते. तेव्हा ती पेटी कितीही देखणी असली, तरी तिचे काम संपलेले असते.

तारा जोडण्यापूर्वी एक गोष्ट पाहावीच लागते. त्या काळच्या अनेक गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टची असे आणि तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या अल्टरनेटरला १२ व्होल्टची बॅटरी आणि सांगाड्याला ऋण टोक लागते. बॅटरी उलटी जोडली गेली, तर डायोड क्षणात जळतात.

अल्टरनेटरची जाड तार बॅटरीकडे जाते. तिचे महत्त्व कोणालाही कळते. बारीक तार मात्र फसवी. ती चालकासमोरच्या लहानशा लाल दिव्याकडे जाते. पुष्कळांना तो केवळ इशाऱ्याचा दिवा वाटतो. वास्तविक किल्ली फिरवताच त्या दिव्यातून आलेला थोडासा प्रवाह अल्टरनेटरमधील फिरत्या वेटोळ्याला चुंबकत्व देतो आणि तेथून वीजनिर्मिती सुरू होते. ती सुरू झाली, की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. म्हणूनच हौसेने तेथे एलईडी बसवला, तर अल्टरनेटर कधी कधी जागाच होत नाही. एलईडीतून जाणारा प्रवाह त्याला पुरत नाही. अशा वेळी त्याला समांतर एक योग्य रोधक जोडावा लागतो.

सर्वांत मोठा धोका अँमीटरचा. जुन्या गाडीत बॅटरीकडे जाणारा सगळा प्रवाह चालकाच्या गुडघ्यांसमोरच्या या घड्याळातून फिरून जाई. डायनॅमोची मजल ३०-४० अँपिअरची; आजचा साधा अल्टरनेटरही ६०-७० अँपिअर देतो. सुती वेष्टणाच्या त्या जुन्या तारा एवढ्या प्रवाहाने तापतात आणि केबिनमध्येच आग लागू शकते. मूळ रूप राखण्याच्या हट्टापायी एवढी जोखीम घेणे गैर आहे. त्यासाठी पुरेशी जाड नवी तार फ्यूजमधून थेट बॅटरीला न्यावी. इंजिन आणि सांगाडा यांनाही जाड पट्टीने जोडावे; ती विसरली, तर वीज अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल लाल होते.

मालकाला अँमीटर हवाच असेल, तर तारा काढून तो जागेवर ठेवता येतो. शेजारी व्होल्टमीटर बसवावा. इंजिन चालू असताना त्याचा काटा १४ च्या आसपास राहिला, म्हणजे चार्जिंग ठीक आहे.