घनातील शिळा आणि बंदुकीची पारख

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला भरतपूर हे नाव परके नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर जे घडले, त्यानंतर उपाशी, जखमी आणि उघडेबोडके असे आपले लोक दक्षिणेची वाट चालू लागले, तेव्हा त्यांना आसरा दिला तो महाराजा सूरजमल आणि राणी किशोरी यांनी. अन्नवस्त्र दिले, जखमांवर उपचार केले आणि पुढे ग्वाल्हेरकडे सुखरूप पोहोचवण्याची सोय केली. इतके ऋण असूनही आपल्यापैकी बहुतेक जण आगऱ्यापर्यंत जातात, ताज पाहतात आणि परततात. तेथून भरतपूर अवघे ५५ किलोमीटर आहे, आणि तेथे पाहण्यासारखे, त्याहून अधिक विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही तेथे गेलो ते एका पत्राच्या निमित्ताने. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात स्थायिक झाला आहे. त्या प्रदेशात तळी फार, आणि शरद ऋतूत बदकांची शिकार हा तेथील कुटुंबांचा वडिलोपार्जित रिवाज. शेजाऱ्यांच्या संगतीने यालाही ती गोडी लागली. सुरक्षिततेचे रीतसर शिक्षण घेऊन त्याने विचारले होते, "सर, दुनळी घ्यावी की अर्धस्वयंचलित बंदूक? काकांना विचारून कळवाल का?" हे काका म्हणजे आमचे ऐंशी ओलांडलेले स्नेही. त्यांचे वडील संस्थानी अमदानीत शिकारीच्या बंदोबस्तास असत. बंदुकीचे शास्त्र काकांनी त्यांच्याकडून घेतलेले. पत्र ऐकून ते म्हणाले, "मास्तरसाहेब, याचे उत्तर घरात बसून द्यायचे नाही. चला भरतपूरला."

केवलादेव घना हे उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे. मुळात ही एक नैसर्गिक खोलगट जमीन. सूरजमलांच्या काळातील अजान बांधाचे पाणी तीत सोडून पुढे पाणपक्ष्यांसाठी, अर्थात राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी, ही तळी मुद्दाम राखली गेली. बाभळी आणि कदंबांच्या गर्दीमुळे 'घना', आणि मधल्या शिवमंदिरामुळे 'केवलादेव'. सायकलरिक्षा ओढणारे येथे वाटाड्याचेही काम करतात. आमच्या रिक्षावाल्याने तलवार बदक, थापट्या आणि चक्रांग ही तीन बदके शंभर पावलांवरून, केवळ डोके आणि चोच पाहून, वेगळी करून दाखवली. चित्रबलाकांची वाढलेली पिले बाभळींच्या शेंड्यांवर पंख पसरून वारा अजमावीत होती. पांढराशुभ्र सैबेरियन क्रौंच मात्र २००२ नंतर येथे आलेला नाही. गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यापासून पाण्याचीही ओढ आहे. गोवर्धनकडील नाल्याचे आणि आपल्या चंबळेचे पाणी आणून ती भागवावी लागते.

मंदिराजवळ वाळूच्या दगडाच्या शिळा आहेत. त्यांवर इंग्रजीत तीनच गोष्टी कोरल्या आहेत: शिकारीची तारीख आणि पाहुणा, बंदुका किती, आणि पक्षी किती पडले. १९०२ सालच्या लॉर्ड कर्झनपासून ही नामावळी सुरू होते. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसापुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांचे नाव आहे. बंदुका ३९, पक्षी ४२७३. आम्ही शिक्षकी सवयीने मनातल्या मनात भागाकार केला. प्रत्येक बंदुकीमागे सुमारे ११० पक्षी! शिळा नुसत्या वाचून पुढे जाणे शक्य आहे. भागाकार केल्यावर मात्र पाय निघत नाही.

"आता तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न घ्या," काका शिळेसमोरच्या कट्ट्यावर टेकत म्हणाले. "अशा शाही शिकारीची रीत दुनळीची. शिकाऱ्याजवळ दोन बंदुकांची जोडी, मागे काडतुसे भरणारा माणूस. एक रिकामी झाली की दुसरी हातात. आपोआप भरणारी बंदूक सभ्य शिकाऱ्याला शोभत नाही, असे ते साहेब लोक म्हणत."

अर्धस्वयंचलित बंदूक तेव्हा अज्ञात नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९०० साली तिचे पेटंट घेतले, आणि अमेरिकेतील कारखान्यांशी न जमल्यामुळे बेल्जियममधील हेर्स्टाल येथे तिची निर्मिती सुरू झाली. ती जवळजवळ शतकभर चालली. तिची युक्ती सोपी आहे. बार उडताच नळी आणि तिच्यामागचा खटका दोन्ही एकत्र मागे सरकतात, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे आत येते. चाप मात्र प्रत्येक बाराला पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ती 'अर्ध'स्वयंचलित. पुढे दुसरी तऱ्हा निघाली. तीत नळीतील दारूचा थोडा वायू एका दट्ट्याला ढकलतो आणि हेच काम करतो.

काकांनी मग गुणदोष सांगितले. वायूवर चालणाऱ्या बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का सौम्य असतो. परंतु काजळी फार धरते, तेव्हा वेळच्या वेळी उघडून पुसण्याचा आळस असणाऱ्याने ती घेऊ नये. दुनळी मोडून हातावर घेतली की ती रिकामी आहे हे शेजाऱ्यालाही दिसते. अर्धस्वयंचलित बंदुकीचे तसे नाही; म्हणून खटका मागे ओढून, आत डोळ्यांनी पाहून, मगच ती रिकामी मानावी. डावखुऱ्याने काडतूस कोणत्या बाजूला उडते ते आधी पाहावे. रानात पायी हिंडायचे तर हलकी बंदूक बरी. तळ्याकाठी दडून बसायचे तर थोडी जड चालते, उलट तिने धक्का कमी लागतो. बारा बोअर सर्व कामांस पुरते. लहान चणीच्या माणसाला वीस बोअर बरी.

"आणि सर्वांत आधी माप," ते म्हणाले. "बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, भलत्या दिशेला नळी न नेता, डोळे मिटून ती खांद्याला लावायची. मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा मणी आपोआप नजरेच्या रेषेत आला, तर ती बंदूक आपली. मान वाकवून तो शोधावा लागला, तर ती कितीही महाग असो, दुसऱ्याची. आणि हे सारे थंडीचा जाड कोट अंगात घालून पाहायचे, कारण बदकांची शिकार कोटातच होते."

अमेरिकेतील कायदा आम्ही वाचून गेलो होतो. तेथे १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरसाल एक तिकीट विकत घ्यावे लागते, आणि तो पैसा पाणथळ जागा राखण्यास जातो. १९३५ पासून स्थलांतरी पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. जास्त मावत असतील तर आत गुल्ली बसवून जागा बुजवावी लागते. १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. बदके पेषणीत अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतात. त्यांबरोबर पडलेले छर्रे गिळले की शिसे अंगात भिनते, आणि ज्याच्यावर कोणी नेमही धरला नव्हता असा पक्षी मरतो. त्याऐवजी पोलादी छर्रे वापरतात. पण ते कठीण असल्याने, नळीचे तोंड फार आवळलेल्या जुन्या बंदुकीत धोक्याचे. दिवसाला किती पक्षी घ्यायचे, यालाही मर्यादा आहे.

हे ऐकून काका पुन्हा शिळेकडे वळले. "मास्तरसाहेब, हा ४२७३ चा आकडा तुमच्या त्या यंत्राने झालेला नाही. सभ्य म्हणवणाऱ्या दुनळीने झाला आहे. तेव्हा दोष दोन काडतुसांचा की तीनांचा, हा वाद पोकळ. थांबायचे कोठे, हे बंदूक ठरवीत नाही."

आमच्या मते सगळ्या प्रवासाचे सार याच वाक्यात आहे. येथे थांबायला वेळ लागला. १९५६ साली घना पक्षी अभयारण्य झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत राहिला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा, अशी याची पुढची वाटचाल. देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर छंदाची शिकार संपली. या भूमीच्या रक्षणासाठी झटलेले डॉ. सालिम अली यांचीही पक्ष्यांशी ओळख बंदुकीनेच झाली होती. मुंबईत बालपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

काकांच्या घरी वडिलांची दुनळी अजून आहे. परवान्याचे नूतनीकरण करावे की ती रीतसर जमा करावी, यावर त्यांच्या मुलांत मतभेद आहेत. परतीच्या गाडीत ते स्वतःहून म्हणाले, "जमा करून टाकू. बाबांची आठवण म्हणून दुर्बीण ठेवतो."

विद्यार्थ्याला आम्ही उपदेश केला नाही. तेथील कायद्याने मोकळा असलेला छंद त्याने सोडावा, असे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही एवढेच कळवले: वायूवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक घेण्यास हरकत नाही, पण अंगच्या मापाची घे, रोज साफ कर, ३५-४० वारांपलीकडच्या पक्ष्यावर बार टाकू नकोस, कारण जखमी होऊन वेळूत दडलेले बदक कोणाच्याच हिशेबात येत नाही, आणि जो पक्षी ओळखता येत नाही त्याच्यावर नळी रोखू नकोस. सोबत त्या शिळेचे छायाचित्र धाडले. भागाकार त्याचा त्याने करावा.