मंगरूळची पावले

माझ्या आजोळाला कोणी मंगरूळनाथ म्हणतात, कोणी मंगरूळपीर. एकीकडे बिरबलनाथ महाराजांचे मंदिर, दुसरीकडे हयात कलंदरांचा दर्गा. तेव्हा गावाने दोन्ही नावे सुखाने नांदवली आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला आणि मंगरूळ वाशीमकडे गेले. आमच्या मामींच्या लेखी मात्र मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता या दोन्हींसाठी अजून अकोलाच!

आपण शहरातली माणसे चालायला ‘जातो’. मंगरूळची माणसे कामासाठी चालतात. बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर बसलो की मी चेहरे सोडून पायच पाहत बसतो. मराठी शिकवणाऱ्याला हा नाद शोभत नाही, असे घरचे मत आहे. पण त्या पायांवर सबंध वऱ्हाड लिहिलेले असते. उन्हाळ्यात तिथली काळी जमीन तडकते, तशाच टाचाही. पावसाळ्यात तीच माती चपलेला अशी चिकटते की पाय उचलेना. मग माणूस चपला काखोटीला मारून अनवाणी शेतात शिरतो. त्यातून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बाभळीचा काटा मोडतो, आणि दाबाच्या जागी कुरूप धरते.

यातले पुष्कळसे घरच्या घरी आवरता येते. टाचा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवाव्या, वजरीने हलके घासाव्या आणि ओल असतानाच कोकमतेल किंवा व्हॅसलिन लावावे. चिखल्यांना मात्र तेल नको. बोटांमधली जागा कोरडी ठेवावी, आणि न हटल्या तर डॉक्टरांकडून बुरशीचे मलम घ्यावे. दाढीच्या पात्याने कुरूप कापण्याचा उद्योग कुणी करू नये.

हे सारे दुखणाऱ्या पायांचे झाले. न दुखणाऱ्या पायांची गोष्ट मला मामींनी शिकवली.

माघ वद्य सप्तमीला शेगावी गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. त्यासाठी आमच्या भागातून पायदळ वाऱ्या निघतात. मंगरूळहून महान, बार्शीटाकळी, अकोला असे करीत शेगाव शंभर किलोमीटरांच्या पुढेच पडते. मामींचे वय चौसष्ट, बारा वर्षांची साखर, आणि नवस अनवाणी जाण्याचा! मी हरकत घेतली, तेव्हा म्हणाल्या, “मले काई दुखत नाई नं बापू, मंग कायची काळजी?”

गावातल्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा जाड धागा तळव्यावर जागोजागी टेकवला. अंगठ्याखाली आणि करंगळीखाली मामींना काहीच कळले नाही. न दुखण्याचे कारण हे होते. अशा पायात खडा रुतला तरी माणूस मैलभर चालत राहतो. फोड फुटतो, जखम चिघळते, आणि कधी पाय कापण्यावर येते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे कुष्ठरोग्यांच्या पायांवरून ओळखले होते. रोगाने बोटे सडून गळतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की वेदना न कळल्यामुळे रोगी जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजतो. त्यासाठी त्यांनी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या वहाणा करवल्या. तेच एमसीआर रबर आज मधुमेह्यांच्या वहाणांत असते.

मामी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाल्या, “महाराज का चपला मोजत बसतात?” आणि नवसाला देवळाच्या पायरीपुरती मुरड बसली. वहाणा करायला टाकल्या त्या संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सकाळचे माप मग टोचते. आधी घरात तासभर, मग गल्लीत, असे महिनाभर पायाला वळण लावले. चालणेही तसेच हळूहळू वाढवले. बाहेर कडक दिसणारी ही बाई त्या वहाणांचे मात्र तान्ह्या पोरासारखे करी.

मी महानपर्यंत बरोबर होतो. रोज मुक्कामाला मामींचा नातू बॅटरी धरून आजीचे तळवे आणि बोटांची बेचकी तपासायचा. इतर मंडळी फोडांत सुईने दोरा ओवून ठेवीत होती. त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात. लहान फोड झाकून तसाच ठेवावा. मामींच्या पायाला तर सुई लावायचीच नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

महानच्या अलीकडे एका कॉलेजकुमाराचा पाय डांबराच्या कडेवरून घसरून आत मुरगळला. लगेच दोघे जण चोळायला सरसावले. पहिले दोन दिवस चोळणे आणि गरम शेक दोन्ही वाईट, त्याने सूज वाढते. आम्ही जवळच्या रसवंतीवरून बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे धरला, पट्टी बांधली आणि पाय गाठोड्यावर उंच ठेवला. हाड मोडले की नुसती शीर ताणली, याची एक परीक्षा कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पोराला दोनच पावले टाकता आली. त्याला टेम्पोने अकोल्याला पाठवले. हाड शाबूत निघाले. सूज उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम मिळाला, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो.

मला कॉलेजसाठी परतावे लागले. पाचव्या दिवशी शेगावहून मामींचा फोन आला. पायाला एक ओरखडा नव्हता. नातवाच्या टाचेला मात्र टपोरा फोड होता. नवे बूट त्याने निघायच्या आदल्या दिवशीच घेतले होते, आणि आता बॅटरी मामींच्या हातात होती.