वेगळी चूल

एकत्र कुटुंबातून वेगळा निघणारा माणूस आपल्याकडे फक्त दोनदा चर्चेत येतो. निघतो त्या दिवशी, "शिंगं फुटली हो!" म्हणून आणि वर्षभरानं, "तरी मी सांगत होतो" म्हणून. मधल्या काळात त्या बिचाऱ्यानं नवी पातेली घेतली, दुधाचा रतीब लावला, याची दखल कोणी घेत नाही. बालगंधर्वांनी १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडली तेव्हा पानसुपारीच्या बैठकी काय गप्प बसल्या असतील? पण वेगळी चूल मांडली की धूर किती होतो, हे शिकावं ते अमेरिकेतल्या डेव्हिड ली रॉथ नावाच्या गृहस्थाकडून. माझा आणि त्याचा परिचय पुतण्याच्या कॅसेटमुळे झाला. पुतण्या गेला शिकायला, कॅसेट राहिली आमच्याकडे.

रॉथ हा 'व्हॅन हेलन' या हार्ड रॉक मंडळीचा गायक. हार्ड रॉक म्हणजे वरच्या मजल्यावर कपाट सरकवताना खालच्याला जे ऐकू येतं ते, फक्त तालात. अॅलेक्स आणि एडी हे व्हॅन हेलन बंधू लहानपणी हॉलंडहून कॅलिफोर्नियात आलेले. एडीची गिटार ऐकली की दोघे वाजवताहेत असं वाटावं. रॉथ डोळ्यांच्या डॉक्टरांचा मुलगा. त्याच्याकडे लाउडस्पीकरचा सरंजाम होता आणि हे बंधू तो भाड्यानं नेत. पुढे त्यांनी हिशेब केला की भाडं भरण्यापेक्षा मालकालाच गायला घेतलेलं स्वस्त पडेल! मांडवाचं भाडं वाचावं म्हणून मांडववाल्यालाच नवरदेव करावं, तसला प्रकार.

पण नवरदेव शोभला बरं का. सोनेरी आयाळ, अंगाला चिकटलेली रंगीत विजार, आणि हवेत दोन्ही पाय फाकून मारलेली ती उडी! आमच्या हिनं एकदा त्याची चित्रफीत पाहिली आणि विचारलं, "अहो, विजार उसवत कशी नाही हो?" संगीतावर तिनं अधिक भाष्य केलं नाही.

१९८४ साली त्यांचं 'जम्प' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. घरात सुबत्ता आली की भांडायलाही सवड मिळते. १९८५च्या जानेवारीत रॉथनं स्वतःच्या नावावर चार गाण्यांची तबकडी काढली. चारही गाणी दुसऱ्यांची. त्यातलं 'कॅलिफोर्निया गर्ल्स' हे बीच बॉइजचं १९६५चं गाणं. तेव्हा ते तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं होतं. वीस वर्षांनी यानंही ते बरोबर तिसऱ्याच पायरीवर नेऊन ठेवलं. त्याच वर्षी स्वारी घराबाहेर पडली. सिनेमा काढायचा बेत होता. तेवढ्यात सिनेमावाल्या कंपनीनं आपला सिनेमाचा विभागच बंद केला!

तरी गडी खचला नाही. स्टीव्ह व्हाय आणि बिली शीहानसारखे कसलेले वादक जमवून १९८६ साली त्यानं 'ईट एम अँड स्माइल' काढलं, वर तीच गाणी स्पॅनिशमध्ये पुन्हा गायली. तबकडी चौथ्या नंबरावर गेली. पण भाऊही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी सॅमी हेगरला आणलं आणि त्याच वर्षी पहिला नंबर मारला. सोडून आलेल्या घरात आपल्यावाचून दिवाळी जोरात व्हावी, याहून मोठं दुःख नाही.

१९८८च्या 'स्कायस्क्रेपर'वर तो उभ्या कड्यावर चढताना दिसतो. त्यानंतर मात्र उतार. १९९४ची तबकडी अठ्ठ्याहत्तराव्या नंबरावर थांबली. २००४च्या सुमारास हा माणूस न्यूयॉर्कमध्ये रीतसर शिकून रुग्णवाहिकेवर काम करत होता! २००६ साली रेडिओवर सकाळचा कार्यक्रम मिळाला; तो चार महिन्यांत आटोपला.

याला नुसता विदूषक समजू नका. मंडळीच्या करारात एक कलम होतं : चॉकलेटच्या गोळ्या ठेवा, पण त्यात तपकिरी एकही नको. लोकांना वाटलं, काय ही मिजास! रॉथनं १९९७ सालच्या आत्मचरित्रात खुलासा केला : सामान अवजड, रंगमंचाला ते पेलायला हवं, तपकिरी गोळी दिसली की समजावं, करार वाचलेला नाही, सगळं पुन्हा तपासा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे कलम अवश्य उचलावं.

दुसऱ्याच्या वाचनावर इतकी नजर ठेवणाऱ्याला एक गोष्ट मात्र एकट्यानं जमली नाही. एकत्र घरात कोणीतरी डोळे वटारून "आता पुरे" म्हणणारं असतं. त्याचा जाच होतो म्हणून तर आपण बाहेर पडतो. आणि उडी फारच उंच गेली की नेमकं तेच माणूस शोधतो. १९९६ साली चौघं एका समारंभात एकत्र दिसले, लोक उभे राहून ओरडले, आणि लगेच पुन्हा बिनसलं. २००७ साली तो अखेर परतला, २०१२ साली एक तबकडीही झाली. मग ६ ऑक्टोबर २०२० रोजी एडी गेला. आता भांडायलाही कोणी उरलं नाही.

पुढच्या वर्षी रॉथनं निवृत्ती जाहीर केली, आणि २०२५ साली पुन्हा रंगमंचावर आला, वयाच्या सत्तरीत. गातो काय? बहुतेक सगळी जुन्या घरातलीच गाणी.

हे मी हिला सांगितलं. ती आमटीला फोडणी देत होती. म्हणाली, "त्यात काय नवल? चूल वेगळी मांडली, तरी मिसळणाचा डबा माहेरचाच असतो."