कानांतला चक्रव्यूह

गेल्या चैत्रांतील गोष्ट. पहांटे जाग आली व अंथरुणावर उठून बसतों, तों खोलीच्या चारी भिंती आमच्याभोंवतीं फेर धरूं लागल्या. छताचा पंखा बंद होता, तरी तोही फिरत होता! त्यांतच ओकाऱ्या सुरू झाल्या.

जुळे सोलापुरांतील उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळें निदानास वेळ लागला नाहीं. घरच्या मंडळींनीं पित्त म्हणून आलेपाक व कोकम पुढें केलें; शेजाऱ्यांनीं 'ऊन बाधलें' असा निकाल दिला; आणि ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलों, त्यांनीं मानेच्या मणक्यांवर ठपका ठेवून गळ्यांत पट्टा बांधविला. पांच दिवस आम्हीं तो मोठ्या निष्ठेनें वागविला.

सहाव्या दिवशीं पुण्याहून मुलीचा फोन आला. नेहमींप्रमाणें तो डाव्या कानाशीं धरला; पलीकडे शुकशुकाट. यंत्र बिघडलें म्हणून बंद करणार, तोंच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तिचा आवाज तर मला इथपर्यंत येतोय!" फोन उजव्या कानाशीं नेला. "बाबा, बोलत कां नाहीं?" हे शब्द स्पष्ट ऐकूं आले. भोंवळीच्या गडबडींत डावा कान बंद झाल्याचें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. कोणीं विचारलेंही नव्हतें.

कानाच्या तज्ज्ञांनीं प्रथम तेंच विचारलें. मग सेकंदास 512 कंपनें देणारा नादकांटा कपाळाच्या मध्यावर टेकविला. नाद उजवीकडे गेला. डावा कान केवळ मळानें बंद असता, तर नाद डावीकडेच ऐकूं आला असता. दोष आंत होता. मान झटकन् वळवून त्यांनीं आमच्या डोळ्यांची चाल पाहिली, आणि मेंदूंत कांहीं बिघाड नाहीं ना, याची एम्. आर्. आय्. करवून खात्री केली. निदान ठरलें: विषाणूमुळें झालेला आंतर्कर्णाचा दाह. असा दाह विरळाच.

कानाच्या हाडांतील या भागास पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञांनीं चक्रव्यूहाचें नांव दिलें आहे. त्यांतील शंख ऐकतो, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या तोल सांभाळतात. शेजार इतका निकट, कीं आग लागली तर दोन्ही घरें पेटतात. भोंवळीचें मूळ कानांत असूं शकतें, हें पॅरिसच्या प्रॉस्पर मेनियेर यांनीं 1861 मध्यें दाखविलें. आमच्या घरीं तें पोंचावयास आणखी पांच दिवस लागले!

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. भोंवळ थांबविणारें औषध मात्र तीनच दिवस. ती दडपीत राहिलें तर मेंदू नवा तोल शिकत नाहीं. पुढें भिंतीवरील एका अक्षरावर दृष्टि खिळवून मान हलविण्याचा व्यायाम. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक पुनः मुळाक्षरांपाशीं आला!

दोन महिन्यांत चालणें पूर्ववत् झालें. कान परतला नाहीं. अचानक गेलेल्या श्रवणास औषध जितकें लवकर मिळेल तितकी आशा अधिक. आधीं गेलों असतों तर कान खात्रीनें वांचता, असें तज्ज्ञही म्हणत नाहींत; पण ते पांच दिवस रात्रीं आमची पाठ सोडीत नाहींत.

आतां वर्गांत प्रश्न आला, कीं शब्द कळतात, बाजू कळत नाहीं. दिशा ओळखावयास दोन कान लागतात. विद्यार्थी हात वर करून म्हणतो, "सर, मी इकडे." वाचकांपैकीं कोणास भोंवळ आली तर कोकम अवश्य घ्यावें, पण आधीं दोन्ही कानांशीं आळीपाळीनें चुटकी वाजवून पाहावी, आणि एकीकडे शांतता असेल तर त्याच दिवशीं घराबाहेर पडावें.