उंबऱ्यापर्यंतचा इतिहास : व्हीलचेअरवरून पाहिलेले सोलापूर

१/
महाराष्ट्रात इतिहासाचे वेड बहुधा पायांतून लागते. शाळेच्या सहलीत पहिला गड चढला जातो, पोटऱ्या भरून येतात, माथ्यावरचा वारा अंगावर येतो आणि पुस्तकातली नावे एकाएकी खरी वाटू लागतात. ‘किती गड झाले?’ हा आपल्याकडे इतिहासप्रेमाचा पहिला प्रश्न असतो. ज्याला एकही गड चढता येत नाही, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? आजचा धागा अशा एका प्रवासिनीचा आहे. स्थळ : शुक्रवार पेठ, सोलापूर.

२/
ती इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीनंतर गेली सात वर्षे व्हीलचेअर वापरणारी. लघुप्रबंधासाठी तिने दख्खनची तटबंदी हा विषय मागितला होता. त्यावर तिला प्रेमाने सुचवण्यात आले, “दफ्तरखान्यातला एखादा विषय घे. क्षेत्रभेटीची दगदग कशाला?” हे कुणी हेटाळणीने म्हटले असते, तर ती भांडली असती. आपुलकीने बंद केलेले दार ठोठावणे अधिक अवघड असते. उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत होती. ती आत्याकडे सोलापूरला आली.

३/
सोलापूरच्या जुन्या वस्तीत वारांच्या नावांच्या पेठा आहेत : मंगळवार, बुधवार, शुक्रवार. गल्ल्या अरुंद, भाषा तीन. मराठीत सुरू झालेले बोलणे कानडीत वळते आणि तेलुगूत संपते. शुक्रवार पेठेतल्या माणिक चौकात ‘आजोबा गणपती’ आहे. त्याचा उत्सव १८८५ पासूनचा, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाहूनही आधीचा, असे सोलापूरकर अभिमानाने सांगतात.

४/
अशा पेठेतल्या जुन्या घराची रचना ठरलेली असते. आधी दगडी जोते, त्यावर ओटा, मग दिंडी दरवाजा आणि उंबरा. जोते पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची धूळ घराबाहेर ठेवते. दिंडी म्हणजे मोठ्या दारातले लहान दार. त्यातून आत जाणाऱ्याला मान लववावी लागते आणि पाय उचलावा लागतो, म्हणजे आत येणारा एका वेळी एकच आणि तोही बेसावध. पाय उचलता येत नाही, असा माणूस ही रचना करणाऱ्यांच्या हिशेबातच नव्हता.

५/
पहिल्याच सकाळी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. चालणाऱ्याच्या नजरेतून ती सहज सुटते, चाकाला मात्र लगेच कळते. पेठेतली सर्वांत जुनी घरे तिला सर्वांत सोपी होती आणि नवी घरे सर्वांत अवघड. कारण साधे आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात. प्रत्येक थराबरोबर रस्ता उचलला जातो आणि जुन्या वाड्याची एकेक पायरी जमिनीत बुडते. कधीकाळी तीन पायऱ्यांवर असलेले एखादे जोते आज जवळजवळ रस्त्याच्या पातळीला आलेले असते. उत्खननात पुरातत्त्वज्ञ ज्याला थर म्हणतात, ते इथे चालू वापरात आहेत. तिने वहीत त्या दिवशीची पहिली नोंद केली : ‘पायऱ्या मोजल्या, तर घराचे वय कळते.’

६/
अशाच एका बुडत्या ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारले, “काय बघूलालीस गं पोरी?”
“तुमचं जोतं बघते, आजोबा. आधी किती पायऱ्या होत्या?”
“तीन. एकीवर बसून आम्ही सूरपारंब्याचे राज्य ठरवायचो. दोन गेल्या खाली.” मग ते उठलेच. “आत ये की, चहा घे. अरे, या रे कुणीतरी, उचला हिला!”
चार तरुण धावून आले. ती हसून नको म्हणाली. चहा ओट्यावर आला. उचलणाऱ्यांच्या मनात माया होती, हे तिला दिसत होते. तरीही उचलून आत नेलेला माणूस पाहुणा कमी आणि सामान अधिक होतो, हे तिला सात वर्षांत कळून चुकले होते.

७/
उचलून नेल्या गेलेल्या माणसांचाही इतिहास आहे आणि त्याचे एक मोठे पान सोलापूर जिल्ह्यात आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या मंगळवेढा तालुक्यात, होती. पुढे सातारा आणि परळी घेऊन परतताना, १७०० च्या पावसाळ्यात, त्याचे सैन्य माण नदीच्या काठी खवासपूरला थांबले. ऑक्टोबरच्या आरंभी एका रात्री नदीला अचानक पूर आला. छावणीत हलकल्लोळ माजला. त्या धावपळीत ऐंशी ओलांडलेला बादशहा पडला आणि त्याचा गुडघा निखळला.

८/
सांधा नीट बसला नाही. औरंगजेब अखेरपर्यंत लंगडत राहिला. दरबाऱ्यांनी त्याचाही गौरव करून टाकला : हा तर पूर्वज तैमूरचा वारसा! (‘तैमूर-ए-लंग’ म्हणजे लंगडा तैमूर. १९४१ मध्ये समरकंद येथील त्याची कबर उघडण्यात आली, तेव्हा हाडांवरूनही ते व्यंग दिसून आले.) त्यानंतर पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा अशा मोहिमा झाल्या आणि बादशहा प्रवास करत राहिला तो तख्त-ए-रवाँवरून, म्हणजे माणसांनी वाहून न्यायच्या आसनावरून. त्याला कुणी ‘दिल्लीतच बसा, दगदग कशाला?’ असे सुनावले नाही. सत्तेला पायऱ्या अडवत नाहीत. खांदे बदलत राहतात, इतकेच. त्या भोयांची नावे कुठल्याही बखरीत नाहीत.

९/
याच जिल्ह्यात दुसरी कथाही आहे. संत कूर्मदास पैठणचे. हात नाहीत, पाय नाहीत. पंढरीची आस लागली, तेव्हा ते जमिनीवरून लोळत, सरपटत निघाले. वाटेत कुणी भाकरी दिली, कुणी पाणी पाजले. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोहोचले आणि पुढे जाणे अशक्य झाले. तेव्हा विठ्ठलच पंढरपूर सोडून त्यांना भेटायला आला, अशी श्रद्धा आहे. अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली. लऊळला आजही कूर्मदासांचे मंदिर आहे.

१०/
कीर्तनात ही कथा भक्तीचा परमोच्च बिंदू म्हणून येते. प्रवासाची कथा म्हणून वाचली, तर तिच्यात आणखी काही सापडते. कूर्मदास ‘घरी बसून नामस्मरण कर’ या सल्ल्यावर थांबले नाहीत. देव भेटला तो पैठणच्या ओसरीवर नव्हे, तर अर्ध्याहून अधिक वाट तुडवल्यावर. आणि ही कथा सांगणाऱ्या समाजाने, निदान कथेत तरी, एवढे मान्य केले की, माणसाला देवापर्यंत जाता येत नसेल, तर देवाने जागा सोडावी. आपल्या वारशाच्या वास्तू मात्र अजून जागा सोडायला फारशा तयार नसतात.

११/
तिसऱ्या दिवशी ती आतेभावाबरोबर किल्ल्यावर गेली. ‘किल्ल्यावर’ ही सवयीची भाषा. सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे, जमिनीवर बांधलेला. चौदाव्या शतकात बहमनी काळात त्याची उभारणी झाली. पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात तो हुंड्याचा विषय झाला. बुऱ्हाण निजामशहाच्या विवाहात तो विजापूरकडून कबूल झाला आणि मिळाला नाही म्हणून युद्धे झाली. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा तोच किल्ला आंदण म्हणून गेला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला.

१२/
पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या तिन्ही अंगांना खंदक आणि दुहेरी तट. डोंगर नाही, म्हणून संरक्षणाचे सारे काम पाणी आणि भिंत यांनी वाटून घेतलेले. तिने आत जाण्याची घाई केली नाही. आधी बाहेरूनच, जिथवर चाके गेली तिथवर, ती तटाच्या कडेने फिरली. खालून आणि लांबून पाहताना दोन्ही तट एकदम नजरेत येतात. आतला तट बाहेरच्याहून उंच आहे, म्हणजे आतले तोफखान्याचे लोक बाहेरच्या तटावरून मारा करू शकत. बाहेरची भिंत पडली, तरी शत्रू उंच भिंतीच्या माऱ्यात सापडणार. भुईकोट ज्याला घ्यायचा होता, त्याने तो प्रथम इथूनच, खालूनच पाहिला असणार. तिची जागा इतिहासात रिकामी नव्हती.

१३/
तटावर जाणारा जिना आतेभाऊ एकटा चढला. वरून त्याचा फोन आला. “ताई, वर काही नाही. नुसती भिंतच आहे.”
“मग भिंतच सांग. किती पावलं रुंद?”
तो मोजू लागला. झरोके कुठल्या दिशेला तोंड करून आहेत, त्यांचा उतार आत आहे की खाली, दगड बदलतो कुठे, विटा सुरू होतात कुठे, तलाव कुठून दिसतो. ती विचारत राहिली, तो शोधत राहिला. अर्ध्या तासाने खाली आला, तेव्हा चेहरा निराळाच होता. “जन्म सोलापुरात गेला,” तो म्हणाला, “पण आज पहिल्यांदा बघितला.” तिची वही भरली होती. मात्र त्या पानावर तिने प्रामाणिकपणे लिहिले : ‘दुसऱ्याच्या डोळ्यांनी. पडताळणी बाकी.’

१४/
आता कायद्याविषयी. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस मानले. त्याच्या कलम ४५ नुसार, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम व्हायला हव्या होत्या. ते नियम जून २०१७ मधले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा असून भागणार नाही, काही किमान निकष सक्तीचेच हवेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कलम २९ अवश्य वाचावे. दिव्यांगांच्या ऐतिहासिक अनुभवांचे संग्रहालय उभारण्याची तरतूद त्यात आहे. खवासपूर आणि लऊळ तिथे शेजारी शेजारी मांडता येतील.

१५/
यावर एक आक्षेप नेहमी येतो : वारसा जपायचा की रॅम्प बांधायचा? आक्षेप खोटा नाही. जुन्या दगडात खिळा ठोकताना विचार करावाच लागतो. पण उत्तरे आहेत. मूळ बांधकामाला धक्का न लावणारे, उद्या काढून ठेवता येईल असे लाकडी वा लोखंडी उतार करता येतात. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या कड्यालगत डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली. आपल्या रायगडावरही १९९६ पासून रोपवे आहे आणि त्याने रायगडाचे पावित्र्य उणे झाले, असे वर जाऊन आलेला कुणी ज्येष्ठ नागरिक म्हणणार नाही. उताराचे गणितही सोपे आहे : एकास बारा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी.

१६/
हे गणित आत्याच्या घरी रोज सुटत होते. घर वीस वर्षांपूर्वी नव्याने बांधलेले, म्हणून उंच. उंबरा रस्त्यापासून नऊ इंच. आत्याने माळ्यावरची चार फुटी फळी काढून ठेवली होती. तिच्यावरून खुर्ची चढवताना आतेभावाला घाम फुटे आणि उतरताना आत्या डोळे मिटून घेई. किल्ल्यावरून परतल्यावर तिने वहीत आकडेमोड केली. नऊ इंचांना नऊ फूट. शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रींनी नऊ फुटी फळी दिली, खाली दोन विटांची टेकण लावली. त्या संध्याकाळी ती प्रथमच कुणाच्याही हाताविना आत गेली. आत्या काही बोलली नाही. देवापुढे दिवा लावून आली आणि म्हणाली, “उद्या ही फळी परत नाही द्यायची.”

१७/
त्याच रात्री तिने उत्तर पाठवले. विषय : दख्खनच्या भुईकोटांची दुहेरी तटबंदी, सोलापूरच्या विशेष संदर्भासह. क्षेत्रभेट : होय. जिथे चाके पोहोचणार नाहीत तिथे निरीक्षक सोबत असेल आणि त्याची नोंद वेगळ्या शाईने होईल, असेही तिने लिहिले. मान्यता मिळेल की नाही, हे त्या रात्री ठाऊक नव्हते. विषय सोडायचा नाही, एवढे ठरले होते.

१८/
धागा वाचणाऱ्यांपैकी अनेकजण येत्या रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असतील. छायाचित्रांबरोबर चार आकडे टिपून आणा : वाहनतळापासून दरवाजापर्यंतचे अंतर, पायऱ्यांची संख्या, सर्वांत अरुंद दाराची रुंदी, आणि पायरी न चढता कुठवर जाता येते. मोजायला पाच मिनिटे लागतात. त्या चार आकड्यांवरून कुणीतरी घराबाहेर पडायचे की नाही, हे ठरवणार असते.