शिस्त धरायची, तर रायफल कोणती?

मुलांनो, मुंबई-गोवा हमरस्त्याने तुम्ही कधी महाडपर्यंत गेला आहात का? एसटीत खिडकीशी जागा मिळाली, तर प्रवास मोठा मजेचा! पनवेल सोडलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. मग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव अशी गावं मागे टाकत आपण सावित्री नदीच्या काठी महाडला येतो. आणखी थोडं दक्षिणेला गेलं की पोलादपूर. रायगड जिल्ह्याचा हा आतला भाग. इथे समुद्र दूर आणि सह्याद्री अगदी अंगावर आलेला.

इथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे. रायगड किल्ला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन सगळ्यांसाठी खुलं केलं, ते चवदार तळं आहे. हमरस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी आहेत. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ म्हणजे तर तानाजी मालुसऱ्यांचं गाव! पण आज आपण एका वेगळ्याच गोष्टीसाठी या वाटेने निघालो आहोत. ती गोष्ट म्हणजे नेमबाजी.

हा मुलूख शिपायांचा. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना त्यांना वीरमरण आलं. वय अवघं बावीस वर्षांचं! त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. घराघरातून सैन्यात माणसं पाठवणारं गाव म्हणून ते ओळखलं जातं.

अशा या तालुक्यात एका निवृत्त सुभेदारांच्या ओटीवर मला एक वाद ऐकायला मिळाला. बाहेर पावसाची झड लागली होती. त्यांची नात नववीत, शाळेच्या एनसीसीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून तिने नेमबाजीचा ध्यास घेतलेला. आणि का घेऊ नये? स्वप्नीलही लहान गावातलाच, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा!

तिच्या वडिलांनी मनाशी ठरवलं होतं, की कर्ज काढू, पण पोरीला चांगली रायफल घेऊन देऊ. दादाच्या हातात दोन रायफलींची चित्रं होती. एक होती हलकी, सुबक, लाकडी दस्त्याची. तिला गोळ्या भरायची पेटी होती आणि वर दुर्बीण. दुसरी होती जाडजूड नळीची. तिच्या दस्त्याला इतके स्क्रू आणि पट्ट्या, की एखादं यंत्रच वाटावं. तिच्यात एका वेळी एकच गोळी बसते.

दादा म्हणाला, "पेटीवालीच घ्या. एकामागून एक गोळ्या झाडता येतात. शिवाय दुर्बीण आहे."

सुभेदार हसले. "काय गो बाय, तुला लढाई करायची की नेम मारायचा?"

आता त्यांनी जे समजावलं, ते तुम्हीही नीट समजून घ्या.

या दोन्ही रायफली 'पॉइंट टू-टू'च्या, म्हणजे त्यांची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. दोन्हींत रिमफायर काडतूस वापरतात. काडतुसाच्या बुडाला जी बारीक कड असते, तिच्या आत ठिणगी देणारा मसाला भरलेला असतो. चापाने सुटलेली सुई त्या कडेवर आपटते आणि काडतूस पेटतं. आज नेमबाजीत चालणारं 'लाँग रायफल' नावाचं काडतूस १८८७ पासून आहे. त्याची गोळी असते जेमतेम अडीच ग्रॅमची! धक्का कमी, आवाज कमी, म्हणून ते नेमबाजीला सोयीचं.

आणि बोल्ट-अॅक्शन म्हणजे? आपल्या दाराची कडी आठवा. ती सरकवायची आणि खाली वळवायची, की दार पक्कं बंद. रायफलीचा बोल्टही तसाच. वर उचलून मागे ओढला की रिकामं टरफल बाहेर पडतं. नवं काडतूस ठेवून पुढे सारला आणि खाली वळवला की नळीचं तोंड घट्ट बंद होतं. दर वेळी सगळे भाग त्याच जागी येऊन बसतात, म्हणून दर वेळी गोळी तशीच सुटते. एनसीसीच्या कॅडेटना ही कडी ओळखीची असते.

कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना दुसरी एक बंदूक ठाऊक असते, ठासणीची. शेतीच्या राखणीसाठी काही शेतकऱ्यांकडे तिचा परवाना असतो. तिच्यात तोंडाकडून दारू ठासायची. शिवकाळातली तोड्याची बंदूकही तोंडाकडूनच भरायची. अशा जुन्या बंदुकांची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि भरकटत नाही. भोवरा फिरतो तोवरच उभा राहतो ना? तसंच हे.

"मग आजोबा, कुठली घ्यायची?" नातीने विचारलं.

"आधी हे बघ, तुला मारायचं काय आहे," सुभेदार म्हणाले.

त्यांनी पेन्सिलीने कागदावर एक वर्तुळ काढलं. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद असतं. आपल्या शर्टाच्या गुंडीएवढं! खेळाडू ते गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन पद्धतींनी टिपतो. त्याला वेळ पुरेसा असतो, म्हणून भराभर गोळ्या झाडणाऱ्या पेटीचा उपयोग नाही. या स्पर्धेत दुर्बिणीतून नेम धरायलाही परवानगी नाही. बारीक भोकातून पाहायचं आणि पुढच्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल मधोमध आणायचा.

म्हणजे दादाची रायफल वाईट होती का? मुळीच नाही. तिचं काम वेगळं, एवढंच. हातात धरून रानात फिरायला ती हलकी केलेली. पण हलकी रायफल उभ्याने धरली की हृदयाच्या ठोक्यानेही हलते. जड नळीची रायफल सावकाश हलते, म्हणून स्थिर वाटते. मात्र वजन झेपलं पाहिजे. मोठ्यांची सहा-सात किलोची रायफल नववीतल्या मुलीने तासभर धरली, तर नेम राहील बाजूला, पाठ मात्र धरेल! जर्मनीच्या अँशुट्झ कंपनीची रायफल नेमबाजांत फार प्रसिद्ध. तिच्यातही थोरांसाठी जड जातीची आणि शिकाऊंसाठी हलकी, कमी किमतीची, असे प्रकार आहेत ते याचसाठी.

दस्त्यावरच्या त्या स्क्रू-पट्ट्या कशासाठी, तेही आता कळलं असेल. हात किती लांब, मान किती उंच, गाल कुठे टेकतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. "दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून कवायत होते का?" सुभेदारांनी विचारलं. मान न ताणता, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी. डोळे उघडल्यावर डोळा आपोआप त्या भोकासमोर आला, तर माप बसलं. डावखुऱ्या मुलांनी तर बोल्ट कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावं.

एवढ्यात पावसाची सर ओटीवर आली आणि सगळे आत सरकले. सुभेदार म्हणाले, "या पावसालाही विचारायला हवं बरं का!"

खरंच आहे. महाड-पोलादपूरचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना ओल. लोखंडाला इथे बघता बघता गंज चढतो. लाकूड ओल पिऊन फुगतं, दारं चौकटीत अडकतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. रायफलीचा लाकडी दस्ताही असाच फुगतो. मग नळी आणि दस्ता यांची घट्ट बैठक बदलते आणि गोळ्या दुसरीकडे लागू लागतात. अॅल्युमिनियमच्या दस्त्याला ही अडचण नाही, पण तो महाग. लाकडी घेतला तर तो कोरड्या जागी ठेवणं, स्क्रूंचा ताण तपासणं आणि सराव झाला की घाम व ओल पुसून पोलादाला तेलाचा पातळ हात देणं आलंच. ज्याला हा कंटाळा, त्याने कितीही भारी रायफल घेऊन उपयोग नाही.

आणखी एक गंमत ऐका. तीच रायफल, तोच नेमबाज. पण काडतुसांचा गठ्ठा बदलला की गोळ्या कधी जवळजवळ पडतात, कधी विखुरतात! एकाच खाचरातल्या भाताची चव जशी दर साली थोडी वेगळी, तसंच हे. म्हणून मोठे खेळाडू रायफल शिकंज्यात पक्की आवळतात, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या गोळ्या झाडून पाहतात आणि ज्या गठ्ठ्याची छिद्रं सर्वांत जवळ पडतील, तोच घेतात. दोन रायफलींची तुलनाही अशीच करावी. तोच माणूस, तेच अंतर, तीच काडतुसं आणि वारा पडलेला असताना. वारा का म्हणाल, तर अंगावर आडवा येणारा झुळझुळता वारासुद्धा एवढ्याशा गोळीला ५० मीटरवर दोन सेंटीमीटर ढकलतो. दहाचे आठ होतात आणि दोष मात्र रायफलीला!

इतकं ऐकून वडील म्हणाले, "मग ती यंत्रासारखी दिसते तीच घेऊ. काढू कर्ज."

सुभेदारांनी मान हलवली. "आत्ता कुठलीच घेऊ नका."

सगळे चमकले. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. परदेशी रायफल काही लाखांच्या घरात जाते. शिवाय काडतुसं संपत राहतात, त्यांचा खर्च वेगळा. परवान्याचे आणि वयाचे कायदे कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. पॉइंट टू-टू झाली तरी ती बंदूकच, तिच्या गोळीने जीव जाऊ शकतो. परसात किंवा नदीकाठी तिचा सराव करता येत नाही, त्याला मान्यताप्राप्त रेंजच लागते. मग कपाटात रायफल ठेवून करायचं काय? आणि पोर अजून वाढतेय. आज मापात बसलेली रायफल दोन वर्षांनी आखूड पडेल.

सुरुवात करायची ती १० मीटरच्या एअर रायफलने. तिच्यात दारू नसते, हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. तिचं वजन नियमाने साडेपाच किलोच्या आत असतं आणि दहाचं टिंब फक्त अर्ध्या मिलिमीटरचं. क्लबची रायफल वापरता आली, तर विकत घेण्याचीही घाई नको. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताईंनी २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते! घाट चढून गेलं की पुण्याला बालेवाडीची रेंज आहे. तेजस्विनी सावंत घडली ती कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रकारात ती जगज्जेती झाली. अंजली भागवत यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली ती एनसीसीमुळे. २००० साली त्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. आणि स्वप्नील? २००९ मध्ये तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पदक मिळालं २०२४ मध्ये. मधली वर्षं मोजा पाहू!

महाडहून पनवेल सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रोज जाणं शक्य नाही. पण सुट्टीत महिनाभर शिबिराला जाता येतं. कर्जाच्या हप्त्यापेक्षा त्या प्रवासाचा आणि प्रशिक्षकाच्या फीचा खर्च केव्हाही सार्थकी लागतो. प्रशिक्षकच काही काळाने सांगतील, की या मुलीला आता कोणती रायफल शोभेल.

नात जरा हिरमुसली. तेव्हा सुभेदार तिला म्हणाले, "पोरी, फौजेत नेम धरण्याला काय म्हणतात ठाऊक आहे? शिस्त लेना. आपल्या जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच. रायफल मागाहून येते. शिस्त आधी."

मुलांनो, ही शिस्त तुम्हालाही घरबसल्या अजमावता येईल. बंदूक नको, काठीही नको. भिंतीवर पेन्सिलीने मोहरीच्या बारीक दाण्याएवढं टिंब काढा आणि पाच मीटर मागे उभे राहा. ५० मीटरवरून दहाचं वर्तुळ एवढंच दिसतं. पाय खांद्यांइतके फाकवा, अर्धा श्वास सोडून थांबा आणि ताठ हाताचं बोट त्या टिंबावर दहा सेकंद स्थिर ठेवा. बोट किती हललं, ते वहीत रोज लिहा. आईबाबांनाही करायला लावा, गंमत येईल!

आणि एखाद्या दिवशी खऱ्या रेंजवर गेलात, तर तीन गोष्टी विसरू नका. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. हुकूम मिळेपर्यंत बोट चापाबाहेर. गोळी झाडायची नसेल तेव्हा बोल्ट उघडा. हे तीन नियम ज्याच्या अंगात मुरले, त्याने 'रायफल कोणती?' हा प्रश्न खुशाल विचारावा.