बेट्टदपुरच्या डोंगराखाली

म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याने निघालं, की पिरियापट्टणला उत्तरेकडे वळायचं. तंबाखूची शेतं मागे पडू लागतात आणि समोर एकटाच उभा राहिलेला डोंगर दिसतो. कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर. त्याच्या पायथ्याचं गाव ते बेट्टदपुर. माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ. सिडिलु म्हणजे कडाडून कोसळणारी वीज! पायऱ्या चढताना चांगलीच धाप लागते, पण नवस बोललेल्या माणसाला त्याचं काय?

घरात दुखणं आलं की या मुलखातली पावलं आणखी एका दाराशी वळतात. पूर्वेला कृष्णराजनगरजवळ डोरनहळ्ळी नावाचं खेडं आहे. तिथलं संत अंतोनीचं चर्च प्रसिद्ध. त्याची कथा मोठी घरगुती आहे. शेत नांगरताना एका शेतकऱ्याला मूर्ती सापडली. बाहुली समजून त्याने ती पोरांना खेळायला दिली. पुढे घरावर संकट आलं, तेव्हा कुठे त्याने तिच्यासाठी लहानसं देऊळ बांधलं. २०१९ मध्ये या चर्चला बॅसिलिकेचा मान मिळाला. १३ जूनच्या सणाला इथे ख्रिस्ती येतात, तसे हिंदूही येतात.

नवस एकट्याने बोलता येतो. दुखणं मात्र एकट्या घराला पेलत नाही. हाताशी आलेला मुलगा किंवा लग्नाची मुलगी अंथरुणाला खिळली, तर औषधं, रक्त, शहरातल्या हॉस्पिटलपर्यंतचं गाडीभाडं, उशाशी रात्रभर जागणारं माणूस, हे सगळं आणायचं कुठून? मिस्सेत आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना होते. पण आम्हाला अधिक भावतं ते मिस्सेनंतरचं काम. कॅथलिक धर्मग्रामांत संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाची मंडळं असतात. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह १८३३ मध्ये पॅरिसला ती सुरू केली. त्यांचा दंडक असा, की नुसते पैसे पाठवून मोकळं व्हायचं नाही. दोघांनी मिळून त्या घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची. संत अंतोनीच्या भक्तांत तर नवस फळला की गरिबांसाठी ‘अंतोनीची भाकरी’ म्हणून दान देण्याची जुनी रीत आहे.

म्हैसूर मुलखात याहून जुनी एक गोष्ट आहे, आबे द्युब्वा या फ्रेंच पाद्र्याची. १७९९ मध्ये टिपू पडला, त्यानंतर तो इथे आला. लोक त्याला ‘दोड्ड स्वामी’, म्हणजे मोठे स्वामी म्हणत. तेव्हा देवी आल्या की घरंच्या घरं ओस पडत. लस नवी होती आणि उन्हात टिकत नसे. म्हणून ती माणसांवरूनच पुढे न्यावी लागे: एका मुलाच्या दंडावर फोड आला, की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर. हिंदुस्थानातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि तिच्या दंडावरून ती पुढे गेली. लवकरच म्हैसूर मुलखात द्युब्वा लोकांना ती टोचून घ्यायला राजी करू लागला.

परक्याच्या पोराच्या दंडातलं काही आपल्या पोराच्या अंगात घालायचं! कुठली आई पटकन हो म्हणेल? तरीही १८०३-०४ मध्ये पंचवीस हजारांवर लोकांनी त्याच्या सांगण्यावरून दंड पुढे केले.